मजुरी

लर्विकहून दक्षिणेला निघालं
की पंचवीस मैलांत बेट संपतं.
संपण्याआधी रस्ता विमानतळाची धावपट्टी आडवी ओलांडतो.
विमान उतरत असेल तर फाटक पडतं,
आपण थांबायचं.

एवढ्याशा मुलखात मी आणली
ताशी एकशेतीस मैल धावणारी पोर्श,
शहाऐंशी सालची, लाल,
उन्हाकडच्या बाजूने गुलाबी.
बटण दाबलं की एक दिवा डोळा उघडायचा,
दुसरा विचार करायचा.
तीन हजार दोनशे पौंड.
नाकापेक्षा मोती जड, बहीण म्हणाली.
नाक माझं आहे, मी म्हटलं.

पहिल्या हिवाळ्यात पाण्याचा पंप.
दुसऱ्या हिवाळ्यात इंजिनाचा पट्टा,
तुटला नव्हता, तुटणार होता.
तुटला असता, मॅग्नी इस्बिस्टर म्हणाला,
तर आठही व्हॉल्व्ह वाकले असते
आणि गाडीत कोंबड्या बसवाव्या लागल्या असत्या.
मग क्लच.
मग दाराखालचा पत्रा, बोटाने दाबला तर बिस्किटासारखा.
या बेटावर वाराच खारट,
मीठ सगळेच खातात, हिने जरा जास्तच खाल्लं,
खाल्ल्या मिठाला मात्र जागली नाही.

सुटे भाग अ‍ॅबर्डीनहून रात्रीच्या बोटीने येत.
वादळ असलं की बोट नाही,
बोट नाही की गाडी नाही,
आणि मी इस्पितळात ड्यूटीला जाई निसान घेऊन,
जी रोज सकाळी सुरू होते
आणि जिच्याबद्दल सांगण्यासारखं काहीच नाही.

चौदा वर्षांच्या पावत्या शॉर्टब्रेडच्या डब्यात.
बेरीज मी एकदाच केली, रात्रपाळीत,
पुन्हा केली नाही.
मॅग्नीला चोर म्हणायची मी,
तोंडावर नाही,
मनात, झाकण लावताना.

यंदा गुडघा गेला.
क्लच दाबला की डोळ्यांत पाणी.
जाहिरात दिली.

अ‍ॅबर्डीनहून यूअन मॅकफेल आला,
स्वतःचं गॅरेज असलेला,
खडीवर उताणा झोपून टॉर्च मारत राहिला अर्धा तास.
मग स्वयंपाकघरात डबा उघडला.
चहा निवला, त्याचं लक्ष नव्हतं.
"क्लच," तो म्हणाला, "सात तास?"
महाग वाटतं का, मी विचारलं.
"अहो, मागचा गिअरबॉक्स, मधली नळी, एग्झॉस्ट,
सगळं उतरवल्याशिवाय तिथे हात पोचत नाही.
मी दहा गाड्यांचे केलेत.
वीस तास."
पुढची पावती. पंप, तीन तास.
त्याने मान हलवली.
पत्रा जोडणं, एक दिवस.
इथे तो हसलाच.
"हा माणूस जादूगार आहे,
नाहीतर हिशेबात कच्चा."

मॅग्नी हिशेबात कच्चा नाही.
चर्चच्या निधीची वही तोच लिहितो,
एका पेनीसाठी लोकांना रात्री उठवतो.
मजुरीचा रकाना डाव्या बाजूला होता,
चौदा वर्षं मी फक्त खालचा आकडा वाचला.

यूअन चार हजार देतो म्हणाला.
कळवते, म्हटलं.

जूनची रात्र, अकरा वाजून गेले तरी
वर्तमानपत्र वाचता येईल असा उजेड.
गॅरेजचं दार उघडं,
हॅल्क्रोंच्या व्हॅनखालून दोन बूट बाहेर,
भिंतीवर पाटी, खडूने लिहिलेलं: सातला सुरू.
वाटेत मी एक वाक्य तयार केलं होतं,
बरं जमलं होतं.
"मॅग्नी," मी म्हटलं.
"तेरा नंबरचा पाना दे."
दिला.
"हा चौदा."
दुसरा दिला.
खाली बराच वेळ लोखंड कुरकुरलं,
एक शिवी, मग काहीतरी सैल झाल्याचा आवाज.
"उना, किती वाजले?"
"साडेअकरा."
"पाटीवर दोन तास लिही."

खडू तारेला बांधलेला होता.
मी दोन लिहिले.